रोव्हर्सची पुढची पन्नास वर्षं

१ फेब्रुवारी, शनिवार

रोव्हर्स शून्य, पाहुणे तीन. तिसरा गोल आमच्याच माणसाने आमच्याच जाळ्यात मारला, आणि खरं सांगायचं तर आजच्या सामन्यातला तो सगळ्यात देखणा गोल होता.

चौथ्या विभागात दहा क्लब, त्यात आम्ही दहावे. खाली बघायला कोणी उरलेलं नाही. नेमका हाच मुहूर्त साधून अध्यक्षसाहेबांनी हाफटाइमला भोंग्यावरून जाहीर केलं, की पोर्टकेर्न रोव्हर्सला 'पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा' हवा आहे आणि तो चाहत्यांनी तयार करावा. लोक पोट धरधरून हसले. पण सामना संपेपर्यंत समिती झालीसुद्धा. मिस ब्युकन, वय एक्याऐंशी, ज्यांनी अर्ध्या गावाला गणित शिकवून रडवलं. टॅम ग्लेनी, अठ्ठ्याहत्तर, मासेमारी सोडून वीस वर्षं झाली तरी आभाळाकडे बघितल्याशिवाय बोलत नाही. डूगल रेनी, प्लंबर, सदुसष्ट. आणि सेक्रेटरी म्हणून मी, एफी लम्सडेन, चौसष्ट, निवृत्त पोस्टवुमन. चौघांची वयं मिळवली तर दोनशे नव्वद भरतात. पन्नास वर्षांनी स्कोअर काय झाला हे विचारायलाही आमच्यातलं कोणी नसणार.

"म्हणून तर आपण योग्य माणसं," टॅम म्हणाला. "चुकलो तर धरणार कोणाला?"

घरी आले तर माझ्या मुलाचा, रोरीचा फोन. तिकडे समुद्रापलीकडे कॅलगरीत म्हणे उणे चोवीस आहे, पण घर उबदार आहे आणि बागेकडची खोली माझ्यासाठी रंगवून झाली आहे. "आई, आता काय ते ठरव. जूनमध्ये ये, कायमची." गेली दोन वर्षं मी हा विषय टोलवते आहे. इथे जिना आहे, गुडघा आहे, हिवाळा आहे. माझ्या नवऱ्याला, अ‍ॅलेकला जाऊन नऊ वर्षं झाली. तिथे नातवंडं आहेत. सगळी कारणं जायचीच, आणि तरी पाय निघत नाही. शेवटी म्हटलं, "रोव्हर्सना विचार. ते वाचले तर मी इथेच. ते खालच्या लीगमध्ये गेले तर मी तुझ्याकडे." तो हसला. मी हसले नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, वाईट नाही हा तोडगा. मला जे दोन वर्षांत ठरवता आलं नाही ते अकरा माणसं तीन महिन्यांत ठरवतील.

इथे कोणाला सांगायचं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

समितीची पहिली सभा माझ्या स्वयंपाकघरात झाली. मिस ब्युकन आलेखाचा कागद घेऊन आल्या. त्यांच्या हिशेबाने समुद्र असाच वाढत राहिला तर पन्नास वर्षांनी पाणी डाव्या कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत येईल.

"चला," टॅम म्हणाला, "डाव्या बाजूने एकदा तरी काहीतरी पुढे येईल."

मग सगळ्यांनाच चेव आला. पन्नास वर्षांनी गोलकीपर यंत्राचा असेल का? असला तर त्याला आमच्यासारख्या शिव्या देता येतील का? शेजारच्या डनमोरीवाल्यांबरोबर क्लब एकत्र करायचा का? ह्यावर टॅमने टोपी घातली आणि तो दारापर्यंत गेला. त्याला परत आणायला केक कापावा लागला. एकत्र करण्याचा विषय पुढच्या शंभर वर्षांच्या आराखड्यात ढकलावा असं एकमताने ठरलं.

डूगल गप्प होता. तो नेहमीच गप्प असतो. मी म्हटलं, "अरे, तुझी काही सूचना?" तर म्हणतो, "उत्तरेकडच्या पायऱ्यांना कठडा हवा."

"पन्नास वर्षांत तुला एवढंच दिसलं?"

"ते तातडीचं आहे," तो म्हणाला.

ह्या माणसाकडे दूरदृष्टी अशी नाहीच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बरोबरी. गुणाचा एक कण मिळाला तर लोकांनी लॉटरी लागल्यासारखे चेहरे केले.

उत्तरेकडच्या पायऱ्यांना कठडा लागलाय. डूगलने आठवड्यात एकट्याने बसवला, रंगसुद्धा दिला. हाफटाइमला संघ बाजू बदलतात तसे आम्हीही बदलतो. रोव्हर्स ज्या गोलवर चाल करणार त्याच्यामागे जाऊन उभं राहायचं, ही आमच्या मैदानाची, सॉल्टपॅन पार्कची जुनी रीत. चाल करणार हा शब्द आमच्याबाबतीत फार झाला, पण जायचं. डूगल आणि मी एकतीस वर्षं हे अर्धं मैदान बरोबर चालत आलो आहोत. अ‍ॅलेकला फुटबॉलचं वेड नव्हतं. तो म्हणायचा, तुझी ती पंधरा मिनिटांची फेरी झाली की घरी ये. आज कठड्याला धरून चढले तर गुडघा काही बोलला नाही. कठड्याचा उपयोग खरं तर सगळ्यांना आहे, पण बघितलं तर मीच एकटी धरत होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा, कारण तो समितीच्या कागदांत जाणार नाही.

बाहेरगावचा सामना होता. समर्थकांची बस निघून दोन तास झाले आणि निरोप आला की मैदान गोठलंय, सामना रद्द. बसमध्ये आम्ही एकोणीस जण. ड्रायव्हर म्हणाला, "आता कुठे नेऊ तुम्हाला?" मिस ब्युकननी नकाशा काढला आणि घसा खाकरून म्हणाल्या, की ग्लेनॉर्डी इथून बारा मैलांवर आहे.

 ग्लेनॉर्डी म्हणजे खालच्या लीगमधला क्लब. आम्ही घसरलो तर जिथे जाऊन पडणार तिथला.

"फक्त बघून येऊ," टॅम आभाळाकडे बघत म्हणाला. "बघायला काय जातंय?"

परमेश्वरा, काय जागा आहे ती! एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी, आणि मैदान पोळपाटासारखं सपाट. माणसं दीडशे असतील. आम्ही पोर्टकेर्नचे म्हटल्यावर त्यांनी आम्हाला पाहुण्यांसारखं आत नेलं. चहाच्या खोपटात इना मक्रे म्हणून बाई आहे, माझ्याच वयाची. तिने मसुराचं सूप दिलं, चमचा उभा राहील असं दाट. वर मनुकांचा, फडक्यात बांधून उकडलेला डंपलिंग. टॅमने तीनदा सूप घेतलं आणि डोळे पुसले. कांद्याने, म्हणाला.

इनाने विचारलं, "तो उंच माणूस तुझा नवरा का गं?"

"छे गं. डूगल तो. आमच्या समितीतला."

"असं होय," ती म्हणाली आणि त्याच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला.

मग ती म्हणाली, तुमचा संघ मोठा, वरच्या विभागातला. आता कोणी आपली स्तुती केली की आपण मान खाली घालून दोन वाईट गोष्टी सांगायच्या, हीच आमची रीत. मी सुरू झाले. "कसला मोठा! आमचा डावा बचावपटू वळायला बोटीएवढा वेळ घेतो. आणि गोलकीपर स्ट्रुअन पेट्री, पोरगा गुणी आहे, छपरं छान घालतो, पण पेनल्टीला डोळे मिटून डाव्या हाताकडे झेप घेतो. अकरा वर्षं. चेंडू कुठेही जावो." इना इतकी हसली की तिने पळी खाली ठेवली.

परतताना बसमध्ये सगळे गात होते. मिस ब्युकननी खालच्या लीगमधल्या सगळ्या मैदानांची यादी केली. सात समुद्रकाठी, एक बेटावर, दोन ठिकाणी बेकरी मैदानाला लागून. "बेटावर आदल्या दिवशी जावं लागेल," डूगल म्हणाला. दिवसभरात तो एवढंच बोलला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आपण घसरायचे बेत आखतोय, आणि बसमध्ये चर्चमधल्यासारखी शांतता झाली.

८ मार्च, शनिवार

हरलो. पण मला आज वाईट तितकंसं वाटलं नाही आणि ह्याचंच वाईट वाटतंय.

बसमध्ये मी मोठ्या शिताफीने डूगलकडून एक माहिती काढली. कोणाचं घर वर्षानुवर्षं बंद राहिलं तर बॉयलरमधलं पाणी काढून ठेवावं का, असं सहज विचारलं. माझ्या एका मैत्रिणीसाठी, म्हटलं. तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "बॉयलर बंद ठेवणं चांगलं नाही."

"का?"

"खराब होतो. रोज चालवावा लागतो. समोर माणूस लागतं."

प्लंबरचा सल्ला, लिहून ठेवला.

१९ मार्च, बुधवार

डूगल बॉयलर तपासायला आला. मागच्या बुधवारीही आला होता. काही बिघडलेलं नाही असं मी दोनदा सांगितलं, पण त्याला तो आवाज पटत नाही. अर्धा तास बॉयलरपुढे बसून ऐकत होता. मी त्याला चहा दिला आणि कॅबिनेटमधला शॉर्टब्रेडचा डबा काढला. कॅलगरीत फुटबॉल चालतो का, असं मध्येच विचारलंन. मी म्हटलं, मला काय ठाऊक, आणि तुला कॅलगरीशी काय करायचंय? तर म्हणे पेपरात काहीतरी वाचलं.

सभेत आज पन्नास वर्षांच्या आराखड्याचं तिसरं कलम झालं: मैदानावरच्या पायची चव कोणत्याही परिस्थितीत बदलू नये. सगळ्यांचं एकमत. पहिली दोन कलमं अजून ठरायची आहेत.

१२ एप्रिल, शनिवार

जिंकलो! चार-एक! मी ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना मिठ्या मारल्या. टॅमने आभाळाकडे बघून टोपी फेकली आणि ती समुद्रात गेली.

नवव्या संघात आणि आमच्यात आता तीनच गुण. घरी येऊन जिन्यावर बसले. आपण राहणार, इथेच राहणार, असं मनात आलं. मग वाटलं, बाजारात तुरी, कशाला नाचतेस बाई?

२६ एप्रिल, शनिवार

तुरी बाजारातच राहिल्या. दहावे पक्के. आता खालच्या लीगमधून जो जिंकून येईल त्याच्याशी दोन सामने, एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. जिंकलो तर टिकलो, हरलो तर खाली.

आणि जिंकून कोण आलंय? फेब्रुवारीत जे चौथ्या नंबरावर होते, ज्यांच्याकडून कोणाला काही अपेक्षा नव्हती, ते तेव्हापासून एकही सामना हरलेले नाहीत. ग्लेनॉर्डी.

ही बातमी टॅमने दारावर येऊन सांगितली. मला पहिल्यांदा सूप आठवलं. दुसऱ्यांदा स्ट्रुअनचा डावा हात आठवला आणि मी खुर्चीत बसले.

जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्याकडे बघून. पस्तीस वर्षं गावाची पत्रं वाटली, एका पाकिटात डोकावले नाही, कोणाचं गुपित कोणाला सांगितलं नाही. आणि क्लबचं सगळ्यात मोठं गुपित एका वाटी सूपावर परक्या बाईच्या पदरात टाकून आले.

१० मे, शनिवार

पहिला सामना ग्लेनॉर्डीत, एक-एक. सामना बरा झाला. माझं लक्ष चहाच्या खोपटाकडे होतं. लाजेने तिथे जाणार नव्हते, पण डूगल म्हणाला, इतकं चांगलं सूप आहे, चल. इनाने वाढलं, विचारपूस केली आणि मी निघताना तिने मला डोळा मारला. सरळ, उघड, डोळा मारला!

म्हणजे तिने सांगितलंय. सगळ्या संघाला सांगितलंय. मी वाटी खाली ठेवली.

"काय झालं?" डूगलने विचारलं.

"काही नाही. मीठ जास्त आहे."

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला. सूपाच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही.

१३ मे, मंगळवार

कानाला खडा लावायचा सोडून मी आणखी एक उद्योग केला. स्ट्रुअनला पत्र लिहिलं. सही केली नाही. "पेनल्टीची वेळ आली तर उजवीकडे झेप घे. तुझी डावी बाजू त्यांना ठाऊक आहे. एक हितचिंतक." सकाळी जाऊन स्वतःच्या हाताने त्याच्या दारातून आत सरकवलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बिनतिकिटाचं पत्र टाकलं.

डूगल समोरच्या घराच्या पन्हळीवर चढला होता. त्याने बघितलं असावं.

१७ मे, शनिवार

सावकाश लिहिते. 

सॉल्टपॅन पार्क गच्च भरलं होतं. ग्लेनॉर्डीचे दोनशे जण आले होते आणि आमचे असे लोक आले होते ज्यांना मी मेलेले समजत होते. ऊन पडलं होतं. दोन-दोन झाले, जादा वेळेतही दोन-दोनच, आणि शेवटी पेनल्ट्या. नेमकं जे नको तेच.

त्यांची पहिली. स्ट्रुअनने उजवीकडे झेप घेतली. माझं पत्र! चेंडू डावीकडून आत गेला. आमची पहिली आत. त्यांची दुसरी, स्ट्रुअन उजवीकडे, चेंडू डावीकडे. मला काही समजेना. आमची दुसरी आत. त्यांची तिसरी आली ती सरळ उजवीकडे, आणि स्ट्रुअनने ती अडवली! अकरा वर्षांत मी असा आवाज ऐकला नाही. डूगलने माझा हात धरला आणि मग सोडलाच नाही. फार घाबरला होता बिचारा, तळवा घामाने ओला झाला होता. मला वाटलं, मी वाचवलं. क्लब वाचवला, आणि मीही वाचले.

आमची तिसरी भिंतीवरून समुद्रात गेली. त्यांची चौथी मधोमध, आत. आमचीही आत. त्यांची पाचवी, स्ट्रुअन उजवीकडे, चेंडू डावीकडे, आत. आमची पाचवी गोलपोस्टला लागली. काय आवाज होता तो! जेवणाचं ताट पडल्यासारखा.

चार-तीन. संपलं.

 मग मिस ब्युकन, एक्याऐंशी वर्षांच्या, टाळ्या वाजवायला लागल्या. आधी आमच्या पोरांसाठी, मग ग्लेनॉर्डीसाठी. मग सगळं मैदान. ग्लेनॉर्डीचे लोक रडत होते, आमचे रडत होते, आणि लांबून बघणाऱ्याला कोण जिंकलं ते सांगता आलं नसतं.

इना माझ्याकडे धावत आली आणि गळ्यात पडली. मी म्हटलं, "अगं, तू सांगितलंस ना त्यांना? स्ट्रुअनच्या डाव्या हाताचं?"

"मी?" ती मागे सरली. "सूपावर बोललेलं मी बाहेर नेत नाही. आमच्या पोरांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं."

"मग डोळा कशाला मारलास?"

"तो तुझ्या त्या उंच माणसाबद्दल!" ती म्हणाली आणि हसत गेली. त्याच्याबद्दल काय, ते विचारायचं राहून गेलं.

मी तशीच उभी. तीन चेंडू डावीकडे गेले होते. तीन. पोराला त्याच्या सवयीवर सोडलं असतं तर तो तिन्ही वेळा तिथेच असता. धोंडा शोधून आणून मी तो आमच्याच पायावर घातला.

चाहत्यांच्या खोलीत सगळे जमले तेव्हा मला राहवेना. खुर्चीवर चढले आणि सगळं सांगितलं. सूप, पत्र, सगळं. 

कोपऱ्यातून स्ट्रुअन उठला, गुडघ्यावर चिखल तसाच. "पत्र तुमचंच, हे मला ठाऊक होतं, मिसेस लम्सडेन. लहानपणापासून तुमचं अक्षर बघतोय. 'कुत्रा बांधून ठेवा' अशा चिठ्ठ्या टाकायचात."

"मला माफ कर रे."

"कशाला? डावीकडे झेप घेऊन अकरा वर्षांत मी दोन अडवल्या. आज उजवीकडे एकाच दुपारी एक अडवली."

मिस ब्युकननी पेन्सिल काढली, दोन मिनिटं हिशेब केला आणि जाहीर केलं, की ह्या वेगाने स्ट्रुअनने पहिल्यापासून उजवीकडे झेप घेतली असती तर आज आम्ही दुसऱ्या विभागात असतो. हशा असा उठला की खिडक्या वाजल्या. टॅम म्हणाला, "बाई, बाकी सगळं माफ. पण एक लक्षात आलंय का तुमच्या? ज्यांच्या सूपासाठी आपण खाली यायला तयार झालो होतो, ते आज वर गेले." खरंच की! खालच्या लीगमधलं सगळ्यात चांगलं मैदान नेमकं आम्ही उतरताना वर चढलं. ह्यावर सगळ्यात जास्त हळहळ झाली. मग मिस ब्युकननी फेब्रुवारीतली यादी काढली, आणि बेटाला जायची बोट किती वाजता सुटते ह्यावरून भांडण सुरू झालं. रोव्हर्स घसरून दोन तास झाले नव्हते आणि लोक पुढच्या मोसमाची बस भरत होते. खिडकीकडची जागा मी मागून घेतली.

घरी येताना वाटेत पाय थांबले. मी कोणत्या बसमध्ये जागा मागितली? मी तर कॅलगरीला जाणार. ठरलं होतं तसं.

१८ मे, रविवार

रोरीचा फोन सकाळीच आला. त्याने स्कोअर बघितला होता.

"मग आई? तिकीट काढू?"

रात्रभर जमवलेली सगळी वाक्यं विसरले. तोंडातून आलं ते असं: "अरे, ते खाली गेलेत. आत्ता कशी सोडून येऊ? ते वाचले असते तर मी मोकळ्या मनाने आले असते. पडल्यावर उठून गेलं तर लोक तोंडात शेण घालतील."

"आणि वाचले असते तर म्हणाली असतीस, वाचलेत, आता कशी सोडून येऊ."

  मग मीच म्हटलं, "मला यायचं नाहीये रे. तुझ्यावर जीव आहे, पोरांवर जीव आहे, पण राहायचंय इथेच. तुला सांगायची हिंमत नव्हती म्हणून रोव्हर्सच्या अंगावर टाकलं." आणि मी रडले. हे आधी बोलले असते तर ह्या मोसमात निम्मं तरी सुखाने जेवले असते.

"मला ठाऊक आहे, आई. ऑगस्टमध्ये आम्हीच येतो. बेटावरचा सामना पोरांना बघायचाय."

"बेटाचं तुला कोणी सांगितलं?"

"डूगलने."

"डूगल तुला फोन करतो?"

"मार्चपासून. दर रविवारी. पहिल्यांदा केला तेव्हा विचारलंन, आई येणार हे पक्कं का. मी तेव्हा तुझी ती रोव्हर्सवाली अट सांगितली. तेव्हापासून दर आठवड्याला रोव्हर्स कसे खेळले ते सांगतो, आणि फोन ठेवताना म्हणतो, प्रार्थना कर."

 डूगल चर्चमध्येसुद्धा प्रार्थना करत नाही. त्याला एवढं काय पडलं होतं? उद्या जाऊन विचारते.

१९ मे, सोमवार

विचारलं.

तो त्याच्या शेडमध्ये नळ घासत बसला होता. मी दारातच म्हटलं, "डूगल रेनी, माझ्या मुलाला तू फोन करतोस?" त्याचे कान लाल झाले.

"तू जाऊ नयेस असं वाटत होतं," तो नळाकडे बघत म्हणाला.

"मग मला का नाही सांगितलंस? इथे दोन गल्ल्या सोडून राहते मी! दर बुधवारी बॉयलरशी गप्पा मारायला येत होतास!"

"तू रोव्हर्सवर सोपवलं होतंस," तो म्हणाला. "रोव्हर्सच्या मध्ये मी कसा पडणार?"

 एकतीस वर्षं ह्या माणसाबरोबर चालले आणि पाय फक्त स्वतःचे बघितले. हसू आलं, रडू आलं, कुठलं आधी आलं ते सांगता येत नाही. एक उलटी बादली ओढून त्याच्यासमोर बसले.

"रोव्हर्स गेले खालच्या लीगमध्ये," मी म्हटलं. "आता मध्ये कोणी नाही. बोल."

मग तो बोलला. चांगला पाऊण तास बोलला, मध्ये एकदाही फुटबॉल न आणता. काय बोलला ते लिहीत नाही. लक्षात राहील.